मैफलीच्या डीव्हीडीतून गाणं काढताना तंबोरा कसा वाचवावा

माझी आत्या इंदूरला रामबागेत राहते. २००७ च्या गणेशोत्सवात ती वाड्याच्या चौकात दोन तास गायली होती आणि लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाने ते दोन डीव्हीडींवर उतरवून दिलं होतं. आता तिला जवळजवळ दिसत नाही. घरातला डीव्हीडी प्लेअर कधीच बंद पडलाय. गेल्या वर्षी तिने दोन्ही डिस्क माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाली, "मला चित्र नको रे, गाणं तेवढं फोनवर दे."

त्या दोन डिस्कनंतर नातेवाइकांच्या आणि ओळखीतल्यांच्या बऱ्याच डिस्क मी हाताळल्या. कुणाच्या घरच्या बैठका होत्या, कुणाच्या एखाद्या मंडळाच्या संगीतसभा, कुणाच्या दुकानातून विकत घेतलेल्या मैफली. काम अवघड नाही, पण दोन-तीन ठिकाणी चूक झाली तर गाण्याचं कायमचं नुकसान होतं, आणि ते बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. म्हणून क्रमाने लिहितो.

हातात नेमकं काय आहे

डिस्क संगणकात घालून आतले फोल्डर बघा. 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर दिसलं तर ती नेहमीची डीव्हीडी. त्यात व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी अशा तीन प्रकारच्या फाइली असतात. चित्र आणि आवाज व्हीओबीत असतो, कुठलं प्रकरण कुठून सुरू होतं याचा नकाशा आयएफओत असतो, आणि बीयूपी ही त्या नकाशाची जादा प्रत.

'डीव्हीडी आरटीएव्ही' हे फोल्डर दिसलं तर ती डिस्क घरगुती रेकॉर्डरवर किंवा हँडीकॅमवर वेगळ्या पद्धतीने भरलेली आहे. तिच्यातली मोठी व्हीआरओ फाईल व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये सरळ वाजते. 'एमपीईजीएव्ही' फोल्डर आणि आत डॅट फाइली असतील तर ती डीव्हीडी नव्हेच, व्हीसीडी आहे. आपल्याकडे डीव्हीडीच्या पाकिटातून व्हीसीडी निघणं नेहमीचं. तिचा आवाज २२४ केबीपीएसचा (म्हणजे सेकंदाला इतक्या किलोबिटचा) असतो आणि त्यापेक्षा चांगला तो कशानेही होणार नाही.

डिस्क रिकामी दिसत असेल आणि मागच्या बाजूला भरलेल्या भागाचा गडद पट्टा स्पष्ट असेल, तर ती रेकॉर्डरवर 'फायनलाइज', म्हणजे भरणं संपवून बंद, करायची राहिलेली असते. ज्या रेकॉर्डरवर भरली तो किंवा त्याच कंपनीचा रेकॉर्डर मिळाला तर त्यावर फायनलाइज करा. नाहीतर आयसोबस्टरसारखा प्रोग्राम तिच्यातलं वाचू शकतो. फेकून मात्र देऊ नका.

हँडीकॅमच्या छोट्या, आठ सेंटिमीटरच्या डिस्क ट्रेच्या आतल्या गोल खाचेत बसतात. ज्या ड्राइव्हला ट्रे नसून नुसती फट असते, त्यात त्या चुकूनही सारू नका. आत अडकतात.

ड्राइव्ह आणि डिस्कची सफाई

हल्लीच्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नसतो. यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह लागतो. इंदूरकरांना तो आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमधल्या संगणकाच्या दुकानांत मिळेल. जमलं तर ओळखीतल्या कुणाच्या जुन्या डेस्कटॉपमधला ड्राइव्हही हाताशी ठेवा. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा निमूट वाचतो, हा माझा वारंवारचा अनुभव आहे.

डिस्क पुसायची ती मऊ सुती कापडाने, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत. गोल फिरवून पुसू नका. माहिती गोलाकार मार्गावर लिहिलेली असते. त्याच दिशेने ओरखडा पडला तर सलग मोठा तुकडा जातो. आडवा ओरखडा बहुतेक वेळा डिस्कची स्वतःची दुरुस्ती-व्यवस्था सांभाळून घेते.

पहिलं काम : पूर्ण नक्कल

गाणं शोधण्याआधी अख्ख्या डिस्कची एक आयएसओ प्रत संगणकावर घ्या. विंडोजवर इमगबर्न हे काम करतं. भरलेली एकपदरी डिस्क ४.७ जीबीची असते. ड्राइव्ह चौपट वेगाने वाचत असेल तर पंधरा मिनिटांच्या आत काम होतं. जुनी डिस्क कदाचित शेवटचीच वाचली जात असेल, म्हणून पुढचे सगळे प्रयोग नकलेवर करा.

वाचताना अडली तर वेग कमी करून पाहा, मग दुसरा ड्राइव्ह. तरीही काही भाग येत नसेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी सहज मिळणारं सगळं उचलतं आणि मग अडलेल्या जागांवर परत परत येतं. आत्याच्या दुसऱ्या डिस्कला कडेला बुरशीसारखे डाग पडले होते. रात्रभर डीडीरेस्क्यू चालू ठेवलं. सकाळी भैरवीतली काही सेकंदं सोडून सगळं हाती आलं होतं.

कुठला आवाज घ्यायचा

घरगुती डिस्कवर आवाजाचा एकच ट्रॅक असतो, बहुधा डॉल्बी डिजिटल म्हणजे एसी-३, १९२ किंवा २५६ केबीपीएसचा. तिथे निवडायला काही नसतं. विकत घेतलेल्या मैफलीच्या डिस्कवर मात्र दोन-तीन ट्रॅक असू शकतात आणि चूक इथेच होते. ५.१ म्हणजे जास्त चांगलं असं वाटून लोक तोच घेतात. त्यात सहा चॅनल असतात आणि गायकाचा आवाज पुष्कळदा मधल्या चॅनलमध्ये ठेवलेला असतो. त्याचं दोन चॅनलमध्ये रूपांतर नीट झालं नाही तर इअरफोनवर तबला-पेटी ठणठणीत आणि गाणारा दूर ओसरीवर बसल्यासारखा ऐकू येतो.

यादीत 'एलपीसीएम' किंवा 'पीसीएम स्टिरिओ' दिसला तर डोळे मिटून तो घ्या. तो न दाबलेला आवाज असतो, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट किंवा त्याहून वरचा. तो नसेल तर दोन चॅनलचा डॉल्बी. ५.१ शिवाय काहीच नसेल तर डावा आणि उजवा चॅनल आहे तसा ठेवायचा, मधला चॅनल ३ डेसिबलने कमी करून दोन्हींत मिसळायचा, मागचे दोन तितकेच कमी करून आपापल्या बाजूला. सहावा, फक्त खर्जाच्या धमकेचा चॅनल, आपल्या संगीतासाठी सोडून दिला तरी चालतो.

प्रत्यक्ष काढणं

व्हीओबी फाइली एकेक उचलून त्यांतून आवाज काढणं हा सगळ्यांना सुचणारा आणि चुकीचा मार्ग. एक व्हीओबी जास्तीत जास्त १ जीबीची असते. मोठा ख्याल मध्येच एका फाइलीतून दुसरीत जातो आणि जोडावर तान तुटते किंवा बारीक 'टक्' ऐकू येतं. डीव्हीडी नेहमी 'टायटल'प्रमाणे उघडायची, म्हणजे आयएफओचा नकाशा वापरला जातो आणि जोड सांधले जातात.

मी मेकएमकेव्ही वापरतो. डीव्हीडीसाठी ते मोफत आहे. त्यात आयएसओ उघडली की टायटलची यादी येते. प्रत्येकापुढे वेळ आणि प्रकरणांची संख्या असते. सगळ्यात लांब टायटल ते बहुधा मैफलीचं. त्याच्या डावीकडचा बाण उघडला की आतले ट्रॅक दिसतात. हवा तो आवाज ठेवा, बाकीच्यांच्या खुणा काढा, जागा निवडा आणि बटण दाबा. जी एमकेव्ही फाईल मिळते तिच्यात आवाज मुळातला, एक बिटही न बदललेला असतो. चित्र नकोच असेल तर ती फाईल एमकेव्हीटूलनिक्समध्ये उघडून व्हिडिओची खूण काढा आणि नुसती आवाजाची एमकेए फाईल करा.

व्हीएलसीतल्या 'कन्व्हर्ट' पर्यायानेही हे होतं, पण प्रकरणं बदलताना ते कधीकधी अडखळतं. दुसरं काही नसेल तेव्हाच वापरा.

संगणक डिस्क घेतच नाही, पण एखादा टीव्हीजवळचा जुना प्लेअर ती वाजवतो, असंही होतं. तेव्हा प्लेअरच्या मागच्या लाल-पांढऱ्या पिनांतून आवाज घ्या आणि ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये रेकॉर्ड करा. लॅपटॉपचं माइकचं भोक यासाठी वापरू नका. ते बहुधा एकाच चॅनलचं असतं आणि इतका मोठा सिग्नल त्यात फाटतो. लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. सर्वांत मोठ्या तिहाईलाही काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही अशी पातळी ठेवा.

विकतच्या डिस्क, आणि घरच्यासुद्धा

दुकानातल्या बऱ्याच डिस्कना नक्कलविरोधी कुलूप असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी, वैयक्तिक वापरासाठी सूट आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ए हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडण्याला गुन्हा ठरवतं. मी माझ्यासाठी रेषा साधी ठेवली आहे : डिस्क माझी, प्रत माझी, कान माझे. दुसऱ्याला हवं असेल तर त्याने डिस्क विकत घ्यावी.

घरच्या बैठकीबद्दल लोक हा विचारच करत नाहीत. चौकात गायलेल्या कलाकाराचाही आपल्या सादरीकरणावर हक्क असतो आणि कायद्याने तो ५० वर्षं टिकतो. शूटिंग आपण केलं म्हणून गाणं आपलं होत नाही. यूट्यूबवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत टाकण्याआधी त्यांना, ते नसतील तर घरच्यांना, फोन करून विचारा. मी ज्यांना विचारलं त्यांनी बहुतेक वेळा आनंदाने हो म्हटलं, आणि एकाने नाही म्हटलं तर ते तिथेच थांबलं.

साफ करताना तंबोरा जातो

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते.

आवाजाची फाईल ऑडॅसिटीत उघडा. एसी-३ उघडण्यासाठी एफएफएमपेगची लायब्ररी वेगळी बसवावी लागते. प्रोजेक्टचा दर ४८००० वर ठेवा. मागे सूं-सूं असा खरखराट असतो, आणि ऑडॅसिटीत तो काढायला 'नॉइज रिडक्शन' आहे. पद्धत अशी की, जिथे फक्त खरखर आहे असा तुकडा निवडून तिला नमुना द्यायचा. मग ती पूर्ण फाइलीतून त्या नमुन्यासारखं जे असेल ते कमी करते.

आत्याच्या डिस्कमध्ये मी सुरुवातीचा, गाणं सुरू होण्याआधीचा तुकडा नमुना म्हणून दिला. खरखर गेली. मला फार स्वच्छ वाटलं. आत्याला लावून दिलं. तिने एक मिनिट ऐकलं आणि म्हणाली, "गाणं माझंच आहे, पण तंबोरा कुठे गेला?"

त्या तुकड्यात तंबोरा सुरू होता. यंत्राच्या दृष्टीने तंबोरा आणि पंख्याचा आवाज यांत फरक नाही : दोन्ही अखंड आणि न बदलणारे. जवारीतून, म्हणजे तार घोडीला घासत झणझणते त्यातून, उठणारे वरचे स्वर, ज्यांच्यावर गायक आपला षड्ज टेकवतो, ते सगळ्यात आधी कापले जातात. तंबोऱ्याबरोबर पेटीचा लांबलेला सूर आणि 'आ'कारातली ठेहरावाची जागाही पातळ होते. मूळ एमकेव्ही जपून ठेवली होती म्हणून मी नव्याने सुरुवात करू शकलो. आधीच्याच फाइलीवर साठवलं असतं तर तो तंबोरा कायमचा गेला असता.

म्हणून नमुना घ्यायचा तो फक्त तंबोऱ्याच्याही आधीचा : माइक सुरू झाला आहे, लोक बसताहेत, पण वाद्य एकही नाही. असे दोन सेकंद मिळाले तरी पुरतात. मिळाले नाहीत तर ही सोय वापरूच नका. आणि वापरली तरी ६ डेसिबलपेक्षा जास्त कमी करू नका. शेवटी त्याच खिडकीत 'रेसिड्यू' पर्याय निवडा. त्यात काढून टाकलेलं तेवढं ऐकू येतं. त्या कचऱ्यात सूर ऐकू आला तर मागे फिरा.

दुसरी गोष्ट विजेच्या घुमण्याची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून वायरिंगमध्ये दोष असला की ५०, १००, १५० हर्ट्झवर घूं असा आवाज भरतो. तो काढायला त्या त्या जागी 'नॉच फिल्टर', म्हणजे तेवढीच पट्टी कापणारी चाळणी, लावा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. आपल्या संगीतात तो जसाच्या तसा घेऊ नका. आत्या काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला षड्ज धरून, गायची. काळी चारचा षड्ज २०८ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे तंबोऱ्याची खर्जाची तार १०४ वर आणि पंचमाची १५६ वर. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज १३९ च्या आसपास, म्हणून त्याच्या तंबोऱ्याचा पंचमही १०४ वरच येतो. १०० वर रुंद फिल्टर लावला की पहिलीचा खर्ज आणि दुसऱ्याचा पंचम, दोन्ही अर्धे होतात. ५० वर फिल्टर बिनधास्त लावा, तिथे आपलं काही नाही. १०० आणि १५० वर लावायचाच झाला तर 'क्यू'चा आकडा ३० किंवा त्याहून मोठा ठेवा, म्हणजे खाच अरुंद राहते. आणि लावण्याआधी कलाकाराची पट्टी कुठली ते पाहा.

आवाज वाढवायचा असेल तर पूर्ण मैफल निवडून एकदाच 'नॉर्मलाइज' करा, उणे १ डेसिबलपर्यंत. प्रत्येक तुकड्याला वेगळं केलं तर आलाप आणि द्रुत एकाच पातळीवर येतात आणि गायकाने दीड तास जी चढण बांधली ती सपाट होते. लहान-मोठ्या आवाजातला फरक दाबणारा कम्प्रेसर लावू नका.

पट्टी तपासताना एक अडचण कधीतरी भेटेल : चित्रपटासारखी २४ फ्रेमवर चित्रित केलेली मैफल पॅल (आपल्याकडची टीव्ही-पद्धत) डिस्कवर २५ ने चालवलेली असते. तेव्हा सगळं सुमारे ४ टक्के वेगाने धावतं आणि सूर पाऊण पट्टीच्या जवळपास चढतो. तंबोऱ्याच्या अ‍ॅपशी जुळवून पाहिलं की कळतं. ऑडॅसिटीत 'चेंज स्पीड अँड पिच' उणे ४ टक्के केलं की सूर आणि लय दोन्ही जागेवर येतात. आपल्याकडे व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढलेल्या डिस्कमध्ये हा प्रश्न येत नाही.

तुकडे करणं

शांतता शोधून आपोआप तुकडे पाडणारी सोय असते. ती इंदूरमध्ये तरी वापरू नये. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या (१९१२–१९७४) गावातल्या श्रोत्याला अतिविलंबित झुमरा तालातली मोकळी जागा काय असते हे सांगायला नको. यंत्र तिला गाण्याचा शेवट समजेल.

कानांनीच ऐकत जा आणि जिथे नवी चीज सुरू होते तिथे कंट्रोल-बी दाबून लेबल लावा. त्यात रागाचं नाव, बंदिशीचे पहिले शब्द, ताल लिहा. शेवटी 'एक्स्पोर्ट'मध्ये लेबलनुसार अनेक फाइली हा पर्याय घ्या. विलंबित आणि द्रुत एकाच फाइलीत ठेवा. पहिल्या खेपेस मी दोन रागांमधलं तबला लावणं, हातोडीचे ठोके, निवेदकाचं बोलणं, सगळं छाटून टाकलं होतं. आत्याने परत मागितलं. तबला नव्या सुराला लागताना ऐकला नाही तर पुढचा राग एकदम अंगावर येतो, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून मी तबला लावण्याचा भाग पुढच्या रागाच्या फाइलीला जोडून ठेवतो. लांब भाषणं आणि सत्कार तेवढे वेगळे काढतो.

कुठल्या स्वरूपात ठेवायचं

जपून ठेवायला फ्लॅक, म्हणजे काहीही न गमावता फाईल लहान करणारं स्वरूप. मूळ एसी-३ असेल तर फ्लॅक केल्याने आवाज सुधारत नाही, फक्त पुढच्या प्रत्येक बदलात आणखी बिघडत नाही. न दाबलेला स्टिरिओ आवाज तासाला जवळपास ६९० एमबी घेतो, ३२० केबीपीएसची एमपी३ तासाला १४४ एमबी. फोनला फ्लॅक चालतो. गाडीत आणि स्वस्त स्पीकरवर एमपी३ द्या. दर ४८ किलोहर्ट्झच राहू द्या. ४४.१ वर आणायची गरज फक्त ऑडिओ सीडी बनवताना पडते.

एमकेव्ही आणि फ्लॅक दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, शक्यतो दोन घरांत. मूळ डीव्हीडी उभी, पाकिटात, उन्हापासून दूर.

ऐकणाऱ्याच्या हातात देताना

आत्याला फोनवर बोट फिरवून गाणं निवडणं जमत नाही, हे मला नंतर उमगलं. मग पेन ड्राइव्ह लागणारा एक बटणांचा स्पीकर आणला. पेन ड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केला, कारण असे स्पीकर बहुधा दुसरं काही वाचत नाहीत. फाइलींना ०१, ०२ असे आकडे दिले, तरी तो उलटसुलट वाजवायला लागला. असे बरेच स्पीकर नावं बघत नाहीत, फाइली ज्या क्रमाने भरल्या त्याच क्रमाने वाजवतात. म्हणून पेन ड्राइव्ह पुसून एकेक फाईल क्रमाने, आधीची पूर्ण गेल्यावर पुढची, अशी भरली.

आता संध्याकाळी ती झोपाळ्यावर बसून एक बटण दाबते. आधी तंबोरा, मग पेटीचा षड्ज, मग तिचाच यमन. परवा मी गेलो तेव्हा तिने आवाज कमी करून विचारलं, "दुसऱ्या डिस्कची भैरवी मधेच का रे उडी मारते?" डागामुळे गेलेली ती सेकंदं तिच्या कानाने बरोबर पकडली होती. त्या शूटिंगवाल्याकडे मूळ टेप अजून आहे का, ते विचारायला मी या आठवड्यात जाणार आहे.